जाळरेषेचे दिवस

फेब्रुवारी संपत आला की चंद्रपुरातल्या माझ्या क्वार्टरची खिडकी उघडताना मी आधी नाक बाहेर काढते. या शहराच्या हवेत बारा महिने काही ना काही जळतच असतं. कोळसा जळतो, भट्ट्या जळतात, गल्लीच्या टोकाला कचरा जळतो. पण एखाद्या सकाळी त्या सगळ्या वासांच्या खालून एक वेगळा धूर येतो. गोडसर, किंचित कडू, सागाच्या वाळक्या पानांचा. तो आला की समजावं, कुठंतरी जाळरेषा पेटली. त्या वेळी माझ्या मनात जे येतं त्याला मी बरीच वर्षं आठवण म्हणत आले. आठवण म्हटलं की जरा शोभून दिसतं. खरं म्हणजे तो हेवा आहे, आणि पळसाला फुलं आली की तो नेमानं येतो.

जाळरेषा म्हणजे काय ते आम्हा वनखात्यातल्या माणसांना कुणी सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. उन्हाळ्यात जंगलात वणवा लागतो. तो कुठंतरी अडावा म्हणून थंडी सरता सरता आम्ही जंगलात लांबच लांब पट्टे आखतो. पट्ट्याचे दोन्ही काठ झाडून मातीपर्यंत साफ करतो आणि मधला पालापाचोळा आपल्याच हातानं, डोळ्यांत तेल घालून जाळून टाकतो. पुढं वणवा आला तर तिथं त्याला खायला काही सापडत नाही. मोठी आग नको म्हणून लहान आग. पण लोकांना आग दिसते, पट्टा दिसत नाही. परवाच सफारीच्या फाटकापाशी एक बाई नाकाला रुमाल लावून नवऱ्याला म्हणत होती, "बघा, हेच लोक जंगल जाळतात आणि आपल्याला सिगारेट विझवायला सांगतात." नवऱ्यानं लगेच मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. मी गणवेशात शेजारीच उभी होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

घरचीही तीच तऱ्हा. मी वरोऱ्याची. कापसाच्या आणि सोयाबीनच्या गावात जंगलाची नोकरी धरणारी आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी. वनरक्षक झाले तेव्हा बुद्धविहाराच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी माझ्या टोपीचं कौतुक केलं होतं. पहिल्या हंगामानंतर सुट्टीवर गेले तर केसांना धुराचा वास येत होता. बाबांनी, ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "सरकारनं तुले जंगल राखाले ठेवलं का जाळाले?" मी त्यांना दोन तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तू म्हनतेस तं असन." म्हणजे पटलं नव्हतं.

तर लोकांना आग पटवून देणं किती अवघड आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच एक माणूस एका वाक्यात ते करून दाखवतो तेव्हा माझा तिळपापड होतो. तो माणूस म्हणजे सैनूबाई.

माझी पहिली बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, धानोऱ्याच्या पलीकडं होती. डांबरी रस्ता संपल्यावर आणखी चार किलोमीटर पायवाट, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडं गाव. गोंडांची तीसेक घरं. तिथल्या जंगलाचा कारभार ग्रामसभा बघते, त्यामुळं तिच्या होकाराशिवाय मला काडी पेटवता येत नव्हती. मी फाइल घेऊन गेले. नकाशा आणला होता, प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका आणली होती. चिंचेखाली सगळे जमले. मी तासभर बोलले. नियंत्रित म्हणाले, उपाययोजना म्हणाले, ज्वलनशील म्हणाले. समोर एक म्हातारा उघड जांभई देत होता.

माझं संपल्यावर दलसूभाऊ उठला. तो सभेचा अध्यक्ष. बोलायला हळू, पण बोलला की लोक माना वळवून ऐकायचे. तो म्हणाला, "आमी मोहाखाली पाला पेटवला का तुमी म्हनता वणवा. नाव लिहून घेता. तुमी पेटवला का ती जाळरेषा. मले एवढंच सांगा गार्डबाई, आगीले कसं समजते कोनं लावली ते?"

सगळी चिंच हसली. मी नकाशाची घडी घातली.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, एक खरखरीत आवाज आला. "लावू द्या न तिले. पट्टा नाई जाळला तं पल्याडच्या गावाचा जाळ आपल्या मोहावर येन. मागच्या साली कोनाची फुलं गेली, इसरले का?" बस. दोन क्षण कुजबुज झाली आणि दलसूभाऊनं मान हलवली. मी तासभर तेच तर सांगत होते! वर सभेनं एक अटही घातली. "लावा. पन सैनूबाई संगं असन तंच लावा."

मी वहीत ती अट लिहून घेतली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

आमची आई म्हणायची, ही पोरगी घरात यायच्या आधी हिचा हेवा घरात येतो. मामेबहिणीच्या निळ्या फ्रॉकपासून वर्गातल्या मुलीच्या अक्षरापर्यंत मी सगळ्याचा हेवा केला आहे. पण त्यातलं पुष्कळसं कष्टानं मिळवता येण्यासारखं होतं. फ्रॉक शिवून मिळाला, अक्षरही गिरवून सुधारलं. सैनूबाईकडं जे होतं ते मात्र कुठल्या दुकानात आणि कुठल्या प्रशिक्षणात मिळतं ते मला कळेना. साठीच्या आतबाहेरची बाई. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, कमरेला विळा, हातावर गोंदण. मजूर पाच होते, सगळे त्याच गावचे, आणि हजेरी मी मांडत होते. पण चहा झाला की पहिला पेला तिच्याकडं जायचा. दुसरा मला.

ती आग लावायची ते बघत राहावं असं होतं. आधी काहीच करायची नाही. दगडावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायची. मग मुठीत राख घेऊन खांद्याच्या उंचीवरून सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायची. मग पुन्हा बसायची. मी घड्याळ बघायचे. ती म्हणायची, "आज नाई." कारण सांगायची नाही. मजूर निमूट झाडू खांद्यावर टाकून घरी जायचे आणि मी डायरीत लिहायचे, काम झाले नाही. ज्या दिवशी "चाला" म्हणायची त्या दिवशी वाऱ्याच्या उलट बाजूनं, सागाच्या चार पानांची गुंडाळी पेटवून, ओळीनं काड्या लावत जायची. आग गुडघ्याएवढी व्हायची आणि तेवढीच राहायची. पट्ट्याच्या काठाशी यायची, माती हुंगल्यासारखी थबकायची आणि बसायची. सैनूबाई हिरवी डहाळी घेऊन मागून चालायची, पण मारायची वेळ क्वचितच यायची. मी लावलेल्या टोकाला मात्र सगळ्यांची धावाधाव. मला तर त्या आगीचासुद्धा राग यायचा, तिचं ऐकते आणि माझं ऐकत नाही म्हणून.

विचारलं नाही असं नाही. एकदा अभिमान गिळून विचारलं, "सैनूबाई, मले शिकवा न. तुमी पाहता का नेमकं?"

ती म्हणाली, "तू लवकर लावाले पाह्यते. तिले बी मंग लवकर जावंसं वाटते."

हे काय उत्तर झालं? मी मनात चरफडले. आज मी नव्या पोरांना हेच शिकवते, फक्त शब्द बदलून.

त्या गावातल्या मोहांबद्दल सांगायला हवं. जंगल सगळ्यांचं, पण जंगलातला मोहा ज्याचा त्याचा. कुठलं झाड कुठल्या घराचं ते शेंबड्या पोराला ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. आणि झाडांना नावं. एक होता बुधूचा मोहा. बुधू कुणी त्याचा मालक नव्हता. तरुणपणी फांदी तोडायला चढला आणि पडून पाय मोडून घेतला, म्हणून ते झाड बुधूचं. बुधू मरून गेला, तरी त्याच्या नातवंडांना लोक झाडाकडं बोट दाखवून चिडवायचे, "तुह्या बुड्याचा मोहा." आणि ती पोरंही रुबाबात सांगायची, व्हय, आमच्या बुड्याचा. एक होता सासूचा मोहा, त्याखाली कुणाची तरी सासू फुलं वेचता वेचता झोपली आणि गाव दिवसभर शोधत फिरलं. असं झाडाशी काहीतरी घडायचं आणि नाव चिकटायचं. सैनूबाईच्या झाडाचं नाव लवकऱ्या. आजूबाजूच्या सगळ्या मोहांच्या आधी चार दिवस तो फुलं गाळायला लागायचा. नाल्याच्या अलीकडं, आमच्या पट्ट्यापासून पन्नासेक पावलांवर होता. खोड एवढं जाड की दोघींनी कवेत घेतलं तरी हात पोचले नसते, आणि बुंध्याशी एक पोकळी.

मोहाखालचा पाला लोक का जाळतात ते मला तिथंच कळलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, अज्ञान. पण पहाटे फुलं पडतात, ती मातकट पिवळी, पानांत दिसत नाहीत. आणि पाला साफ असला की अस्वल, वाघ दुरून दिसतो. वाकून वेचणाऱ्या बाईला तेवढाच आधार. सैनूबाई म्हणाली होती, "वाकलेली बाई वाघाले जनावर दिसते. आमी काऊन जाळतो तुमी इचारता, पन इचारून ऐकत नाई." तीही झाडाखाली जाळायची, पण आधी गोल झाडून घ्यायची आणि विझेपर्यंत जागेवरून हलायची नाही. सगळे तसं करत नव्हते. कुणी काडी टाकून घरी जायचं, आणि मग त्यांच्याच मोहाखालून निघालेला जाळ डोंगर चढायचा. हेही खरं होतं. माझ्या पुस्तिकेत अर्धं होतं आणि दलसूभाऊच्या बोलण्यात अर्धं.

आता तो दिवस.

पट्ट्याचं शेवटचं टोक उरलं होतं, नाल्याकडचं. वरून रोज विचारणा होत होती, कधी संपणार म्हणून. आदल्या दिवशी सैनूबाई म्हणाली, "उद्याले नाई. उद्या मी धानोऱ्याच्या बाजाराले जातो. परवा." मी ऐकून घेतलं. पण सकाळी पट्ट्यावर गेले तर हवा एकदम शांत. पान हलत नव्हतं. थंडी रात्रीतून ओसरली होती, आकाश स्वच्छ. यापेक्षा चांगला दिवस कुठला? मी तिच्यासारखी राख सोडली, राख सरळ पायाशी पडली. मजुरांना म्हटलं, लावा.

ते पाचही जण एकमेकांकडं बघू लागले. त्यातला एक म्हणाला, "बाई नाई न आज."

हे ऐकून मला जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. बाई म्हणजे ती. मी गणवेश घालून, परीक्षा पास होऊन, वरोऱ्याहून इतक्या लांब येऊन उभी होते आणि त्या रानात बाई एकच होती. मी त्याच्या हातातली काडेपेटी घेतली आणि स्वतः पेटवलं.

दोन तास सगळं सुरेख चाललं. गुडघ्याएवढी आग, काठाशी आली की बसायची. मला वाटलं, जमलं. तिच्यावाचून जमलं. संध्याकाळी ती परत आली की कसं सांगायचं, किती सहज सांगायचं, ते मी मनात जुळवून ठेवलं. ऊन डोक्यावर आलं आणि पट्ट्याच्या मधोमध, कुठूनही न येता, एक भवरा उठला. धूळ, राख आणि जळती पानं गोल गोल वर चढली. सागाचं एक पान, कडा लाल झालेलं, आमच्या डोक्यावरून आरामात तरंगत गेलं. आम्ही सहा जण माना वर करून त्याच्याकडं बघत होतो. ते लवकऱ्याच्या खाली जाऊन पडलं. तिथला पाला अजून झाडलेला नव्हता.

डहाळ्या तुटेपर्यंत आम्ही झोडपलं. माझी एक भुवई गेली. नाल्याच्या ओलीनं आग पुढं जाऊ दिली नाही, तेवढं नशीब. पण बुंध्याच्या पोकळीत ती शिरली आणि आतून चुलीसारखा आवाज यायला लागला. मजुरांनी नाल्यातून डबे भरभरून पाणी ओतलं. वर कळ्यांचे घोस लागलेले होते, आठ-दहा दिवसांत फुलं गळायची, ते करपून पावसासारखे अंगावर पडत होते. मी एक घोस हातात घेतला होता. गरम होता.

दिवस कलायच्या आधी गाव जमलं. लवकऱ्या एका अंगानं काळा पडला होता आणि पोकळीतून धूर येत होता. दलसूभाऊनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोनं लावली?"

पाचही मजूर जमिनीकडं बघत होते. मी बोलणार होते. बोललेच असते असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तेवढ्यात सैनूबाई पायवाटेनं आली. डोक्यावर बाजाराचं गाठोडं, त्यात मीठ आणि सुकी मासळी; मासळीचा वास त्या धुरातही आला. तिनं झाड बघितलं. मग माझी भुवई बघितली. गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मीनं लावली. सकाळी बाजाराले जाता जाता झाडाखाली काडी लावली. इझली का नाई पाह्यलं नाई. डोकं फिरलं होतं माहं."

दलसूभाऊ तिच्यावर ओरडला. "एवढी बुढी झालीस अन् तुले समजत नाई? पोरीबारीले का शिकवशीन तू?" रागावताना त्याची नजर मधूनमधून माझ्याकडं येत होती. मला वाटलं, सरकारी माणसासमोर आपला धाक दाखवतोय. बायकाही बोलल्या. कुणीतरी हसलंसुद्धा, म्हातारीला आता आंधळं म्हणायला हरकत नाही म्हणून. पाव तासात सगळं संपलं. एका पोरानं तिचं गाठोडं उचललं आणि सगळे तिच्या मागं घरी गेले. तिनं अख्खं झाड जाळलं म्हणून सांगितलं आणि लोक तिच्यासोबत जेवायला गेले! मी तिथंच उभी राहिले. सुटकेचा श्वास तर घेतलाच, पण त्याच श्वासात मला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मागं उरलेल्या मजुरांना वाटलं असेल धूर गेला.

अहवालात मी लिहिलं, अज्ञात इसमाने लावलेल्या आगीमुळे एक वृक्ष बाधित. आमच्या कागदांत हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की हात आपोआप लिहितो. त्या दिवशी तो अज्ञात इसम स्वतःच्या हातानं स्वतःला लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या अंगणात गेले. माफी मागायला निघाले होते, तिथं पोचल्यावर तोंडातून निघालं, "तुमी काऊन खोटं बोलल्या?"

ती मोहफुलाच्या टोपल्या झटकत होती. "तू म्हटलं असतं का मीनं लावली, तं सभेनं पुन्हा कधी पट्टा जाळू देला असता? मंग पुढच्या साली सगळेच मोहे गेले असते. मले शिव्या देतीन अन् इसरतीन. तुले इसरले नसते." टोपली खाली ठेवून म्हणाली, "वारा नाई तोच दिवस खराब राह्यते. हवा थांबली का तापते, तापली का भवरा उठते. आता सांगतलं. पहिले सांगायले पायजे होतं, चुकलं माहं."

चुकलं माहं! तेही तिनंच म्हणून टाकलं. माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नाही. मी म्हटलं, "झाडाचं..." ती म्हणाली, "झाडाचं झाड पाहीन." मी आभार मानले नाहीत. त्या हंगामात उरलेला पट्टा तिच्या पद्धतीनं, तिच्या शेजारी चालून जाळला, वारा असताना, आणि एक पानही बाहेर गेलं नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जाताना मी नाल्याकडची वाट टाळून लांबच्या वाटेनं गेले, कारण त्या काळ्या बुंध्याकडं बघवत नव्हतं.

आता मी वनपाल आहे. नव्या वनरक्षकांना जाळरेषेचं शिकवते. राख सोडून दाखवते, वाऱ्याच्या उलट पेटवायला लावते, शांत हवेची भीती घालते. पोरं विचारतात, मॅडम, हे कुठं शिकलात? मी म्हणते, अनुभवानं. इतक्या तुकड्या शिकवून झाल्या, एकदाही मी तिचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

आणि या वर्षी प्रणालीचा फोटो आला. प्रणाली चामोर्शीकडची, धानाच्या शेतातली मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला नेमकी तीच बीट मिळाली. फोटोत पट्टा जळून काळा झालेला, मागं पळस, आणि दगडावर सैनूबाई. खूप वाळली आहे. शेजारी प्रणाली, नव्या गणवेशावर राखेचे हात पुसलेले, आणि सैनूबाईचा पंजा तिच्या खांद्यावर. माझ्या खांद्यावर तिनं कधी हात ठेवला नव्हता. मी फोटो मोठा करून त्या हाताकडं बघत बसले. मग रागारागानं पोळ्या लाटल्या, त्या वाकड्या झाल्या.

काल प्रणालीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. पट्टा झाला, सभेनं आडकाठी घेतली नाही, बाई रोज संगं येते, बाई हे म्हणते, बाई ते म्हणते. मी हूं हूं करत होते. ती म्हणाली, "मॅडम, एक इचारू? इथी एक मोहा हाये, नाल्याच्या अल्याड. एका अंगानं पुरा जळेल, पोकळ, अन् दुसऱ्या अंगानं अशी फुलं गाळते का सगळ्या जंगलाच्या पहिले. त्याले सगळे गार्डबाईचा मोहा म्हनतात. मले वाटलं मले चिडवून राह्यले, मी तं आत्ताच आली. पन ते जुनंच नाव हाये म्हनतात. बाईले इचारलं तं हासते. दलसूभाऊले इचारलं तं तो बी हासते. मजूर बी हासतात. म्हनतात, आमची गार्डबाई होती एक."

मी खिडकीचा गज धरला. पाच मजूर होते. पाच जणांची पाच घरं, त्याच गावात. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्यांनी गणवेशाला भिऊन तोंडं मिटली. अगं बाई, गावाला दुपारीच कळलं होतं. दलसूभाऊनं विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं. तो तिच्यावर ओरडत होता आणि बघत माझ्याकडं होता. ते सगळं बोलणं मलाच होतं, फक्त ते तिच्या अंगावर पडत होतं. जिचा मी हेवा करत आले ती माफी मलाच मिळाली होती, आणि मी ती घ्यायला थांबलेसुद्धा नाही, लांबच्या वाटेनं निघून गेले.

"मॅडम? कोन होती ती गार्डबाई, तुमाले माहीत हाये?"

मी म्हटलं, "मी."

प्रणाली हळूच म्हणाली, "तुमच्या नावाचं झाड हाये मॅडम?" त्या आवाजात काहीतरी होतं. मी फोन कानाला घट्ट लावून ऐकलं. तो हेवा होता की नुसतं आश्चर्य, मला नीट ओळखता आलं नाही. पण हेवा असावा असं मला फार वाटलं.